ब्रिजेट ईस्टरला का आली नाही

“आपल्यातली नाही, पण आपली नावं किती मन लावून वाचतेय बघ.”

वाऱ्यामुळे ते मला स्पष्ट ऐकू आलं. बोलणारी बाई माझ्यापासून चार थडग्यांवर, गुडघ्यांखाली उशी घेऊन बसली होती आणि जुन्या टूथब्रशनं दगडावरच्या अक्षरांमधलं शेवाळ काढत होती. तिच्याबरोबरचा म्हातारा कात्रीनं गवत कापत होता. मान वर न करता तो म्हणाला, “वाचू दे, कॅथलीन. आपण तरी कुठे वाचतो?”

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं. शाळेत प्रश्न विचारण्यासाठी बाई वर्गावर नजर फिरवायच्या, तेव्हाही मी वहीत काहीतरी महत्त्वाचं लिहीत असल्यासारखी बसायचे. इथे वही नव्हती, फोन होता. समोरच्या करड्या दगडाचा फोटो काढला आणि पुन्हा एकदा वाचून घेतलं: ब्रिजेट पॉवर, बनमाहन, वय एकोणऐंशी. मग त्या दोघांकडे पाहून जेमतेम हसले आणि फाटकातून बाहेर पडले.

तिथे थांबून एक प्रश्न विचारला असता, तर एका म्हाताऱ्या बाईचे जवळजवळ तीन महिने वाईट गेले नसते. हे मला नंतर कळलं.

बनमाहन, एप्रिल

अंतरानं पाहिलं तर हा प्रवास अगदी छोटा आहे. मी वॉटरफोर्ड शहरात राहते, वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करते. बनमाहन तिथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. पण साथीमुळे 2021 च्या एप्रिलपर्यंत आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. ती उठली आणि काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, फिरायची मुभा मिळाली, तेव्हा मी आणि माझी फ्लॅटमेट श्वेता पहिल्याच शनिवारी निघालो. श्वेता नागपूरची. गाडी तिची, गप्पाही तिच्याच.

या किनाऱ्याला तांब्याचा किनारा म्हणतात. कडे खरोखरच हिरवट झालेले दिसतात, देवघरातली तांब्याची भांडी बरेच दिवस घासली नाहीत की होतात तसे. वर, कड्याच्या अगदी टोकाला, खाणीच्या इंजिनघराच्या भिंती आणि एक उंच धुराडं उभं आहे. त्याच्याभोवती पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं माजलेली. त्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. आधी मला वाटलं, श्वेतानं पिशवीत काही आणलंय.

इथे मी आले होते मॉरीनसाठी.

मॉरीन एक्याऐंशी वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये डरहॅमजवळच्या एका खाणीच्या गावात राहते. खाण कधीच बंद पडली. तिच्या जागी आता खेळाचं मैदान आहे आणि कडेला आठवण म्हणून खाणीचं अर्धं चाक जमिनीत पुरून उभं केलंय. न्यूकॅसलला एमएस्सी करताना मी वर्षभर तिच्या घरी भाड्यानं राहिले. आम्हा दोघींनाही फार बोलायची सवय नव्हती, म्हणून आमचं चांगलं जमलं. संध्याकाळी ती कोडी सोडवायची, मी अभ्यास करायचे. मध्येच ती म्हणायची, “चहा, पेट?” तिकडे सगळ्यांना ‘पेट’ म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा. आपल्या ‘बाळा’सारखं.

मला आयर्लंडला नोकरी लागली, तीही वॉटरफोर्डला, हे सांगितलं तेव्हा मॉरीननं कोड्याचं पुस्तक मिटलं. तेव्हा मला तिच्या आजोबांची गोष्ट कळली.

तिचे आजोबा, मायकेल पॉवर, बनमाहनचे. तांब्याची खाण बंद पडल्यावर त्यांचे वडील जॉन त्यांना घेऊन इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत आले. मायकेल तेव्हा सहा वर्षांचा. आई, ब्रिजेट, तान्ह्या बाळासाठी मागे थांबली. ‘ईस्टरला येते’ म्हणाली. ईस्टरला मायकेल स्टेशनवर जाऊन उभा राहिला. ती आली नाही. पुढच्या ईस्टरलाही नाही. मग जॉननं दुसरा संसार मांडला आणि घरात तिचं नाव कुणी काढेनासं झालं.

“आजोबा मागच्या पायरीवर बसायचे,” मॉरीन सांगत होती. “हातांवर निळे व्रण. खाणीत जखम झाली की कोळशाची पूड आत राहते, जात नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मी विचारलं, तुमची आई कशी होती? म्हणाले, दारातून एकीकडे समुद्र दिसायचा, एकीकडे धुराडं, तेवढं आठवतं. आणि ती आली नाही, ते आठवतं.”

मॉरीननं स्वतः जायचं ठरवलं होतं. मग साथ आली, मग तिच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. “तू जवळच आहेस, तर जाऊन बघशील?” तिनं फोनवर विचारलं होतं. “एवढंच कळलं तर बरं होईल, की ती का आली नाही.”

म्हणून मी दफनभूमीत नावं वाचत होते. आणि पहिल्याच फेरीत मला ब्रिजेट पॉवर सापडली होती. वय, साल, गाव, सगळं जुळत होतं. मला इतका आनंद झाला की वाळूतून श्वेताकडे अक्षरशः पळत गेले.

“मिल गयी?” ती म्हणाली. “अगं यार, तू तर डिटेक्टिव्ह निघालीस!”

रविवार, संध्याकाळी पाच

दर रविवारी पाचला मॉरीन व्हिडिओ कॉल करते. फोन ती अशी धरते, की मला फक्त तिचं कपाळ आणि पांढरे केस दिसतात. गेली दोन वर्षं मी तिच्या कपाळाशीच बोलतेय, आणि आता मला त्यावरून बरंच कळतं.

फोटो मी आधीच पाठवला होता.

“एकोणऐंशी,” ती म्हणाली. “म्हणजे आजोबांची पन्नाशी उलटून गेली तोवर ती जिवंत होती.”

हे मी मोजलंच नव्हतं. मी नाव जुळवण्यात दंग होते.

“पन्नास ईस्टर, पेट,” मॉरीन म्हणाली. “दगड चांगला आहे. कुणीतरी काळजी घेतली तिची. बरं झालं.” मग म्हणाली, “तू उगाच एवढी लांब गेलीस,” आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, दमले आहे असा मेसेज आला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, “अगं, वय झालंय त्यांचं.” पण वयाचं नव्हतं ते. एका नऊ वर्षांच्या मुलीला मी मागच्या पायरीवर नेऊन सांगितलं होतं, की तुझ्या आजोबांचं खरं होतं, त्यांच्या आईला त्यांची पडलेली नव्हती.

मग मेमध्ये तिनं कळवलं, ऑपरेशन जुलैत आहे. त्या मेसेजमध्ये एकही प्रश्न नव्हता. आधी ती दर वेळी विचारायची, जेवलीस का?

पुन्हा बनमाहन, जून

श्वेताला समुद्रात पोहायचं होतं. ऊन पडलं होतं, म्हणजे तिथल्या भाषेत दिवस ‘ग्रँड’ होता. आम्ही डब्यात बटाटेवडे नेले होते. वॉटरफोर्डला ‘ब्ला’ नावाचा मऊ, वरून पीठ भुरभुरलेला पाव मिळतो. तिथली माणसं तो सकाळी लोणी आणि बेकन घालून खातात आणि जगात दुसरीकडे कुठेच असा मिळत नाही म्हणतात. आम्ही त्यात वडा आणि लसणाची चटणी घालतो आणि त्यांचं म्हणणं अजिबात खोडून काढत नाही.

चहाच्या गाडीपाशी रांगेत उभी असताना मागून आवाज आला, “तू ती ग्रेव्हयार्डवाली ना?”

टूथब्रशवाल्या कॅथलीनबाई. बरोबर त्यांचे यजमान, टॉमी.

मी ‘हो’ म्हणून पुढे सरकले असते. पण कॅथलीन माझ्याकडे इतकी उत्सुकतेनं बघत होती, की मला ते बरं दिसेना. “मिळालं का तुला तुझं माणूस?” तिनं विचारलं.

“हो. ब्रिजेट पॉवर.”

“कुठल्या पॉवरांची?” टॉमीनं विचारलं.

“म्हणजे?”

तो हसायला लागला. “अगं, या किनाऱ्यावर दगड भिरकावलास तर तो पॉवरलाच लागेल, आणि शिव्या देत येईल तो त्याचा मेहुणा, तोही पॉवर. मी पोस्टवाला पॉवर. बाप पोस्टमन होता. मी चाळीस वर्षं बस चालवली, तरी पोस्टच. तुझी कुठली?”

मी फोन काढून फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर केला. “ही? ही दुकानवाली. माझ्या आजीची आत्या. हिनं लग्नच केलं नाही. कुणी पसंतच पडलं नाही तिला.”

“असं तुमच्या घरात सांगतात,” कॅथलीन म्हणाली.

मी तिथे कागदी कप हातात धरून उभी होते आणि माझे कान तापले होते. टोपणनावांची ही रीत मला नवी नव्हती. माझ्या आईच्या गावी, निफाडकडे, निम्मं गाव शिंदे आहे. लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की मामा दारातूनच विचारायचा, कुठल्या शिंद्यांची? विहिरीवरचे, फौजदार, रेडिओवाले. रेडिओ जाऊन तीस वर्षं झाली तरी रेडिओवालेच. हे सगळं मला पाठ होतं. फक्त ते इथे लागू पडेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, आयर्लंडमध्ये दगडावर नाव आणि साल कोरलंय म्हणजे काम झालं. आणि विचारणारा माणूस तेव्हाही माझ्यापासून चार पावलांवर गवत कापत होता.

“मी फोटो पाठवून दिला,” मी म्हणाले. “तिच्या पणतीला.”

टॉमी हसायचा थांबला. कॅथलीन म्हणाली, “चल घरी. चहा घे आधी.”

मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, सरळ चालायला लागली. इथेही पहिल्या दोन ‘नको’ला कुणी किंमत देत नाही, आपल्यासारखंच. त्यांच्या अंगणात बसलो. कॅथलीननं प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, ठेवणीतले कप काढले. घरी केलेला तपकिरी ब्रेड, त्यावर नखाएवढ्या जाडीचं लोणी. श्वेतानं उरलेले दोन वडे दिले. टॉमीनं एक घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, “हे ग्रँड आहे,” मग अर्धा ग्लास दूध प्यायला.

“घराण्याचं नाव विचार तिला,” तो म्हणाला. “आजोबांना काय म्हणायचे? त्यांच्या बापाला काय म्हणायचे? ते असल्याशिवाय काही सापडणार नाही.”

तिथेच बसून मी मॉरीनला मेसेज केला: तुमच्या पणजोबांना काही टोपणनाव होतं का? का विचारतेय ते लिहिलं नाही. चूक झाली हेही लिहिलं नाही. आधी खरी ब्रिजेट सापडू दे, मग सांगू, असं ठरवलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. “खाणीत त्यांना जॉन बॉन म्हणायचे. का ते मला माहीत नाही. तू अजून शोधतेयस का, पेट?”

टॉमीला फोन केला. स्वतःहून अनोळखी माणसाला फोन करण्याची माझ्या आयुष्यातली ती बहुधा तिसरी वेळ. “बॉन!” तो ओरडला. “आयरिशमध्ये म्हणजे पांढरे. फिकट केसांची माणसं. अगं, त्यांचं घर मला ठाऊक आहे!”

पुढच्या शनिवारी त्यानं मला कड्यावर नेलं. घर म्हणजे आता कमरेएवढी एक भिंत, चुलीचा काळा दगड आणि सगळीकडे खाजरं, उंच गवत. “दार इथे होतं,” टॉमी म्हणाला. मी उंबऱ्याच्या जागी उभी राहिले. डावीकडे समुद्र होता. उजवीकडे धुराडं.

या वेळी मी फोटो काढला, पण पाठवला नाही.

“तिचं थडगं?” मी विचारलं.

“बॉनांचं त्या काळानंतरचं कुणीच इथे नाही. तीस वर्षं गवत कापतोय, मला माहीत असतं.” तो भिंतीवर टेकला. “इथे नाही पुरली, तर इथून गेली. आणि इथून जाणारा वॉटरफोर्डच्या बोटीवर जायचा. त्या रस्त्यावर वर्कहाउस होतं. ज्याला कुठेच थारा नाही, त्याला तिथे ठेवायचे; वाटेत आजारी पडलेल्यांनाही. त्यांची पुस्तकं डंगारवनला जपून ठेवलीत. जाऊन बघ.” मग जरा थांबून म्हणाला, “चांगलं काही नसेल त्यात, गर्ल. आधीच सांगतो.”

डंगारवन, जुलै

दफ्तरखान्यात एका वेळी दोनच माणसांना प्रवेश होता. मास्क, पेन्सिल, आणि पुस्तक ठेवायला स्पंजची उतरती उशी. मी दोन आठवडे आधी वेळ घेतली होती. ती नेमकी मॉरीनच्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मिळाली. श्वेता खाली गाडीत थांबली.

पुस्तक आमच्या जुन्या पोळपाटापेक्षा मोठं होतं. प्रत्येक ओळीला एक माणूस. नाव, वय, धर्म, काम, नवरा किंवा बायको, गाव, कधी आला, कधी गेला किंवा मेला. आणि मध्ये एक रकाना: आल्या वेळची स्थिती. तो रकाना वाचवत नाही. चिंध्या. अस्वच्छ. अशक्त. चिंध्या. अनवाणी, चिंध्या. चिंध्या. कारकुनानं पुढे पुढे तो शब्द लिहायचाही कंटाळा केला होता, नुसत्या दोन टिंबांनी वरच्यासारखंच असं दाखवलं होतं.

कामाच्या ठिकाणीही मी हेच करते, रकाने तपासते. मी ओळीवर पट्टी ठेवून एकेक नाव खाली येत गेले. पॉवर बरेच होते. मार्चच्या पानावर पट्टी थांबली.

ब्रिजेट पॉवर, एकोणतीस. बनमाहन. नवरा जॉन, खाणकामगार, इंग्लंडात. बरोबर मूल, एलन, सात महिने. इंग्लंडला जाताना वाटेत ताप. आणि स्थितीच्या रकान्यात त्या पानावर फक्त तिच्यापुढे वेगळा शब्द होता: स्वच्छ, चांगले कपडे.

शेवटच्या रकान्यात दोघींची नावं वेगवेगळ्या दिवशी संपली होती. आधी एलन, चार दिवसांनी. मग ब्रिजेट, नवव्या दिवशी.

दफ्तरखान्यातली बाई हळूच जवळ आली, पट्टीखालची ओळ तिनं वाचली. “तुमचं कुणी?” तिनं विचारलं. मी ब्रिजेटच्या नावाखालची पट्टी सरळ केली. ती म्हणाली, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” आयर्लंडमध्ये कुणी गेलं की त्याच्या घरच्यांचा हात हातात घेऊन हेच म्हणतात. तिला माझा हात धरता येत नव्हता, साथीचे दिवस होते. ती दोन मीटर मागे सरकून ते म्हणाली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी ब्रिजेटसाठी ते कुणीतरी म्हणालं, आणि ऐकायला मी होते, नाशिकची.

गाडीत येऊन बसले. बंदरातलं पाणी ओसरलं होतं आणि होड्या चिखलात कलल्या होत्या. श्वेतानं न विचारता थर्मासमधला चहा दिला. मी सगळं सांगितलं.

“आत्ता नको सांगूस,” ती म्हणाली. “परवा ऑपरेशन आहे गं त्यांचं. आणि बाळ पण गेलंय म्हणजे... नंतर सांग. मेसेज कर छान, नीट लिहून.”

मी लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं आणि पुसलं. लिहिलेलं सगळं फार व्यवस्थित वाटत होतं, कारखान्यातल्या अहवालासारखं: त्रुटी आढळली, कारण असे, दुरुस्ती अशी. त्यात माझी चूक एका ओळीत निघून जात होती. आणि मला दिसत होतं, की मॉरीन परवा त्या टेबलावर झोपेल तेव्हा तिच्या मनात ते पन्नास ईस्टर असतील. मी दिलेले. ती उठली तर ठीक. श्वेता म्हणत होती ते शहाणपणाचं होतं, पण ‘नंतर’ येईलच हे तिला तरी कुठे ठाऊक होतं?

मी फोन लावला. मंगळवार होता, आमचा वार नव्हता. कपाळ दिसलं, जरा गोंधळलेलं.

“पेट? काय झालं? बरी आहेस ना?”

“मॉरीन, मी पाठवला तो फोटो चुकीचा होता. ती तुमची ब्रिजेट नव्हती. शेजारी विचारायला माणसं होती, मी विचारलं नाही. मला संकोच वाटला. त्यामुळे चूक झाली, आणि जूनमध्ये कळूनही मी तुम्हाला सांगितलं नाही. सॉरी.”

कपाळ हललं नाही. मग फोन खाली सरकला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला तिचे डोळे दिसले.

“मग माझी ब्रिजेट कुठे आहे?” तिनं विचारलं.

श्वेतानं हात पुढे करून रेडिओ बंद केला.

“मॉरीन, ती निघाली होती,” मी म्हणाले. “ईस्टरच्या आधी, बाळाला कडेवर घेऊन, चांगले कपडे घालून ती निघाली होती.”